सुंभ जळाला, पीळ राहिला: इंग्रजीतल्या न बोलणाऱ्या अक्षरांची गोष्ट

सहावीतल्या एका पोरानं परवा चाचणीची वही माझ्यापुढं ठेवली. दहापैकी चार. दोन या अर्थाचं ‘टू’ त्यानं टी-ओ-ओ असं लिहिलं होतं. ‘नाइफ’ची सुरुवात एननं आणि ‘रिस्ट’ची आरनं केली होती. तिन्हींवर लाल फुल्या. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या पुढच्या खोलीत मी संध्याकाळी मुलांना इंग्रजी शिकवते. हा पोरगा पहाटे तालमीत जातो, मग शाळा, मग माझ्याकडं. वही मिटून त्यानं विचारलं, “बाई, ह्यो डब्ल्यू बोलतच न्हाई, तर लिवायचा कशाला?”

या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: असंच असतं, पाठ कर. मीही पुष्कळ वर्षं हेच सांगत आले. आता सांगत नाही, कारण ते उत्तर खरं नाही आणि त्यानं मुलांचं नुकसान होतं. मुलाला वाटायला लागतं की या भाषेला काही धरबंदच नाही, आणि ती न येणं हा आपल्याच डोक्याचा दोष आहे. प्रत्यक्षात ती मुकी अक्षरं कुठून तरी आलेली असतात. एकसारखी अक्षरं असलेले लहान लहान शब्द शेजारी मांडून त्यांचे अर्थ बघितले, की ती कुठून आली ते पाचवीतल्या मुलालाही दिसतं.

फळ्यावर ‘टू’ लिहून त्याच्याखाली टी-डब्ल्यूचे शब्द मांडत गेले. ट्विन म्हणजे जुळ्यांतलं एक. ट्वाइस म्हणजे दोनदा. ट्वेल्व्ह बारा, ट्वेंटी वीस. ट्वाइन म्हणजे पेड पिळून केलेली दोरी. ट्विग म्हणजे डहाळी, फांदीला दुसरा फाटा फुटतो तो. ट्वायलाइट म्हणजे दिवस आणि रात्र यांच्या मधला संधिप्रकाश. बिट्वीनमध्ये टी-डब्ल्यू शब्दाच्या पोटात आहे, आणि अर्थ दोघांच्या मध्ये. एवढं लिहून मी गप्प बसले. सतरंजीच्या टोकाला बसलेली मुलगी म्हणाली, “सगळ्यांत दोन हाय की.”

सगळ्यांत दोन आहे. ट्वेल्व्ह या शब्दाचा मूळ अर्थ ‘दोन उरले’ असा होता, म्हणजे दहा बाजूला काढल्यावर दोन शिल्लक. इलेव्हन म्हणजे ‘एक उरला’. ट्वेंटी म्हणजे दोन दहा.

ट्वाइन आणि ट्विस्ट समजावायला मी खिळ्याला अडकवलेली सुतळी काढली. किराणा दुकानातनं पुड्याला बांधून येते ती. वीतभर तुकडा दोन्ही चिमटींत धरून उलट्या बाजूनं पिळला, तेव्हा सुतळीचे दोन पेड सुटे झाले आणि मधे फट पडली. चिमट सैल केली तसे ते पेड पुन्हा एकमेकांवर चढले. मुलांनी तो तुकडा हातोहात फिरवला. ट्विस्ट म्हणजे पीळ, आणि पीळ घालायला निदान दोन पेड लागतात. एकट्या पेडाला नुसतं पिळून दोरी होत नाही, सोडलं की उलगडतं. शब्दाच्या तोंडाशी टी-डब्ल्यू का, हे त्या सुतळीत दिसत होतं.

मग ‘टू’मधला डब्ल्यू गेला कुठं? तो आधी बोलला जायचा. जुन्या इंग्रजीत दोनला ‘ट्वा’ म्हणायचे. पुढं त्यातला ‘आ’ सरकत सरकत ‘ऊ’ झाला. ‘व’सारखा हा डब्ल्यू म्हणताना ओठांचा चंबू करावा लागतो आणि ‘ऊ’ म्हणतानाही तोच चंबू. ‘ट्वू’ असं भरभर पाच वेळा म्हणून बघा. तिसऱ्या-चौथ्या वेळी मधला व ऊमध्ये विरघळून जातो. ट्विन, ट्वेल्व्ह यांच्यात पुढं ‘इ’ किंवा ‘ए’ आहे, तिथं ओठ ताणले जातात, म्हणून तिथला डब्ल्यू वाचला. ‘हू’ म्हणजे कोण, आणि ‘सोर्ड’ म्हणजे तलवार, यांतला डब्ल्यूसुद्धा याच कारणानं मुका झाला.

आता आपल्या घरात बघू. संस्कृतात दोनला ‘द्वि’. इंग्रजीतला टी-डब्ल्यू आणि आपला द्व हे सख्खे चुलत भाऊ आहेत. आपल्याकडं जिथं द, तिथं इंग्रजीत बऱ्याचदा ट येतो: दहाला टेन, दाताला टूथ, दोनला टू. अशा जोड्यांमागचा नियम याकोब ग्रिम यांनी १८२२ साली नीट मांडला. हे तेच ग्रिम, ज्यांच्या परीकथा मुलांना ठाऊक असतात. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मुळाच्या असाव्यात, हे संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी त्याच्याही आधी, १७८६ साली कलकत्त्यात बोलून दाखवलं होतं.

आणि या द्वचं मराठीत काय झालं ते तर पाढ्यातच आहे. बे एके बे, बे दुणे चार. ‘बे’ म्हणजे दोन आणि ‘दुणे’ म्हणजेही दोनपट. एकाच द्वमधून दोन वाटा फुटल्या. एका वाटेनं व गळाला आणि द राहिला: दोन, दुसरा, दुप्पट, दुहेरी, दुपेडी. दुसऱ्या वाटेनं द गळाला आणि वचा ब झाला: बे, बारा, बावीस, बत्तीस, बावन्न. इंग्रजांनी ‘टू’ म्हणताना व गिळला, आपण ‘बारा’ म्हणताना द गिळला. फरक एवढाच की आपण जसं बोलायला लागलो तसं लिहायला लागलो आणि त्यांनी जुनंच लिहिणं धरून ठेवलं.

ते का धरून ठेवलं, याचं मोठं कारण छापखाना. विल्यम कॅक्स्टन यांनी १४७६ साली लंडनजवळच्या वेस्टमिन्स्टरमध्ये इंग्लंडमधला पहिला छापखाना घातला. पुस्तकं छापली जायला लागली तशी शब्दांची रूपं हळूहळू ठरत गेली. बोलणं मात्र थांबलं नाही. सतराव्या शतकात ‘नाइफ’च्या आधीचा क आणि ‘रिस्ट’च्या आधीचा व लोकांच्या तोंडून गळून पडला. तोवर कागदावर ती अक्षरं पक्की बसली होती. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसं. आवाज जळून गेला, पीळ अक्षरात राहिला.

के-एनचं घराणं मला स्वतःला सगळ्यांत आवडतं. नी म्हणजे गुडघा. नील म्हणजे गुडघे टेकणं. नॉट म्हणजे गाठ, आणि निट म्हणजे विणणं, मुळात गाठी मारून बांधणं; नॉट आणि निट ही एकाच घरची भावंडं. नकल म्हणजे बोटाचं पेर, मूठ वळली की वर येतं ते हाड. नॉब म्हणजे दाराची किंवा रेडिओची गोल मूठ. नोल म्हणजे टेकाड. नीड म्हणजे कणीक मळणं. नॉक म्हणजे दार ठोठावणं. नाइफ म्हणजे सुरी; हा शब्द उत्तरेकडनं आलेल्या नॉर्स लोकांनी इंग्रजीला दिला. हे सगळे शब्द एकेकाळी ‘क्न’नं सुरू व्हायचे. जर्मन माणूस आजही गुडघ्याला ‘क्नी’ म्हणतो आणि गाठीला ‘क्नोटन’, क स्पष्ट उच्चारून.

यातले किती शब्द गोळ्याचे, गुठळीचे, वर आलेल्या उंचवट्याचे आहेत बघा: गाठ, पेर, मूठ, टेकाड, मळलेल्या कणकेचा गोळा. सगळ्यांचं मूळ एकच आहे असं मी म्हणणार नाही. पण मुलांना लक्षात ठेवायला हे पुरतं: गाठीसारखं काही दिसलं की के-एन आठवायचं. तालमीतल्या पोराला मी लंगोटाची गाठ आठवायला सांगितली. त्यानंतर त्या शब्दातला के त्यानं एकदाही सोडलेला नाही.

नाइट आणि नेव्ह ही जोडी जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. दोन्ही के-एनचे, आणि दोन्हींचा मूळ अर्थ मुलगा, पोरगा. हॉटेलात चहा आणून देणाऱ्याला आपण पोऱ्या म्हणतो, तसा या दोन्ही शब्दांना नोकर हाही अर्थ चिकटला. पुढं वाटा वेगळ्या झाल्या. नाइट राजाच्या पदरी लढणारा झाला, मग सरदार झाला, बुद्धिबळात घोडा होऊन बसला. नेव्ह मात्र नोकरावरून घसरत घसरत लबाड माणूस झाला. पत्त्यांत राजा-राणीच्या खालच्या पानाला इंग्रजीत नेव्ह म्हणायचे, आणि आपण त्याच पानाला गुलाम म्हणतो. आपला ‘गडी’ हा शब्दही असाच दोन्हीकडं चालतो. घरकाम करतो तोही गडी, आणि खासबागेच्या कुस्तीमैदानात शड्डू ठोकून उभा राहतो तोही “लई तयारीचा गडी”.

आता या घराण्यातला सगळ्यांत मोठा शब्द: के लावलेला ‘नो’, म्हणजे जाणणे. या केचा भाऊबंद आपला ज आहे. गुडघ्याला संस्कृतात जानु. ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचतात तो आजानुबाहू. जानु आणि नी एकाच मुळातून आले. तसंच ज्ञान, जाणणे आणि ‘नो’. ग्रीकमध्ये याच मुळाचा ‘ग्न’ झाला. डॉक्टर रोगाचं डायग्नोसिस करतात, त्यातला ग्न तोच. म्हणजे मुकी अक्षरं काढून टाका असं कुणी म्हणालं, तर ‘नो’मधला के काढताना ज्ञानाशी असलेलं नातंही कागदावरनं पुसलं जाईल.

आणि आपण तरी ज्ञ कसा लिहितो आणि कसा बोलतो? लिहिताना ते ज आणि ञ यांचं जोडाक्षर आहे. मराठी माणूस त्याला द्न्य म्हणतो, हिंदीवाले ग्य म्हणतात. मूळ ज्ञ आपल्या रोजच्या बोलण्यात उरलेला नाही. तरी ज्ञानेश्वर, यज्ञ, आज्ञा हे शब्द द-न-य जोडून लिहावेत असं आपल्याला वाटत नाही, डोळ्यांना ते खटकेल. इंग्रज माणसाला के नसलेली ‘नाइफ’ तशीच खटकते. हे सांगितलं तेव्हा खोलीत एकदम शांतता झाली होती, ती माझ्या लक्षात राहिली आहे.

जी-एनचे शब्द थोडेच आहेत, आणि त्यांतला जी त्याच सुमाराला मुका झाला. नॅट म्हणजे चिलट, नॉ म्हणजे कुरतडणं, नॅश म्हणजे दातओठ खाणं. चिलट चावतं, उंदीर कुरतडतो, रागानं दात करकरतात. तीनही ठिकाणी दातांचं किंवा चावण्याचं काम. पुढं जाऊ.

डब्ल्यू-आरपाशी कोल्हापूरच्या मुलांना थांबवावं लागत नाही, ती स्वतः थांबतात, कारण कुस्तीचा शब्द इथं आहे. रेसल म्हणजे कुस्ती खेळणं. हा शब्द रेस्ट या शब्दापासून झाला, तोही डब्ल्यूवाला, आणि त्याचा अर्थ पिळून, मुरगाळून हिसकावून घेणं. विश्रांतीचा रेस्ट वेगळा, त्याला डब्ल्यू नाही. रिस्ट म्हणजे मनगट, हातातला फिरणारा, मुरडणारा सांधा. रिंग, डब्ल्यू लावलेला, म्हणजे धुणं पिळणं. बोटातल्या अंगठीच्या रिंगला डब्ल्यू नसतो. रिगल म्हणजे वळवळणं. रिंकल म्हणजे सुरकुती. रीथ म्हणजे पानाफुलांचं गुंफलेलं कडं, आपण पुष्पचक्र म्हणतो ते. आणि रेंच म्हणजे पाना. उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये ज्यांचे वडील कामाला आहेत त्या मुलांच्या घरात हा शब्द रोजचा आहे. त्यातली एक मुलगी उठून दाखवायला लागली: नटावर पाना बसवायचा, आणि मनगट असं फिरवायचं. तिनं हात फिरवला तेव्हा मी फळ्यावरच्या रिस्ट आणि रेंच या दोन शब्दांखाली एकच लांब रेघ ओढली.

सगळ्यांत वळण आहे, मुरड आहे, पीळ आहे. आपल्या वर्तुळ, आवर्तन यांतला ‘वृत्’ हा फिरण्याचा धातू आणि हे डब्ल्यू-आरचं घराणं लांबचे भाऊबंद मानले जातात. तालमीतल्या पोरानं मग स्वतःच प्रतिस्पर्ध्याचं मनगट कसं धरायचं आणि धरलेलं कसं पिळून सोडवायचं, ते शेजारच्या मुलावर करून दाखवलं. रिस्ट, रेस्ट, रेसल हे तीन शब्द त्या दोघांच्या हातांत होते. पुढच्या चाचणीत त्याला डब्ल्यू आठवायची गरज पडणार नाही, त्याचं मनगटच त्याला सांगेल.

याच घरातला एक शब्द म्हणजे राँग, चूक. त्याचा जुना अर्थ वाकडं. त्याच्या विरुद्धचा राइट, बरोबर, त्याचा जुना अर्थ सरळ, आणि त्याचं नातं आपल्या ‘ऋजु’ शब्दाशी आहे. म्हणून राँगला डब्ल्यू आहे, त्यात वाक आहे. राइटला नाही, तो सरळ आहे. मराठीतही सरळ माणूस आणि वाकडी वाट असंच म्हणतो.

पण ‘लिहिणे’ या अर्थाच्या राइटला डब्ल्यू का? तो या वळणाच्या घराण्यातला नाही. त्याचा जुना अर्थ ओरखडणं, कोरणं, कारण जुन्या काळी लाकडावर, दगडावर अक्षरं कोरायचे. संस्कृत ‘लिख्’चाही मूळ अर्थ ओरखडणंच, आणि त्यातूनच आपलं लिहिणं, लेखणी आणि लेख आले. दोन दूरच्या भाषांनी एकच काम बघून एकाच तऱ्हेनं शब्द केला. हे मला जितकं वेळा सांगावं लागतं तितक्या वेळा नव्यानं आनंद होतो.

आतापर्यंतची गोष्ट घराण्यांची होती: एक मूळ, त्याची पिल्लं. आणखी एक तऱ्हा आहे, तिथं मूळ एक असेलच असं नाही, पण आवाजालाच अर्थ चिकटलेला असतो. एस-एनचे शब्द घ्या. स्निफ हुंगणं, स्नोर घोरणं, स्नॉर्ट नाकानं फुरफुरणं, स्नॉट शेंबूड, स्नाउट जनावराचं मुस्कट, स्नफ तपकीर, स्निअर नाक मुरडणं. सगळी नाकाची मंडळी. जी-एलचे शब्द चमकण्याचे: ग्लो, ग्लीम, ग्लिंट, ग्लिटर, ग्लॉस, ग्लास. ग्लॅड म्हणजे आनंदी, पण त्याचा जुना अर्थ चकचकीत, उजळ. चेहरा उजळला असं आपणही म्हणतोच. आपल्याकडं हे काम च करतो: चमकणे, चकाकणे, चमचम, चकचकीत. अशा आवाजांना भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९३० साली फोनेस्थीम असं नाव दिलं. त्याआधी ते लाहोरला इंग्रजी शिकवत होते.

यात शिंकेची गंमत आहे. शिंकणं म्हणजे स्नीझ. पण जुन्या इंग्रजीत हा शब्द एस-एननं नाही, एफ-एननं सुरू व्हायचा. ‘फ्न’नं सुरू होणारे शब्द इंग्रजीतनं नाहीसे होत गेले. त्या काळचा लांबट काढलेला एस जवळजवळ एफसारखा दिसायचा. वाचणाऱ्यांनी एफचा एस केला असावा, असं मानतात. शेजारी सगळी नाकाची मंडळी एस-एनचीच होती, त्यामुळं शिंकही तिथंच रुळली.

आता सावध करायला हवं, नाहीतर मुलं प्रत्येक अक्षरात नातं शोधत बसतील. स्नो म्हणजे बर्फ, त्यात नाक नाही. स्नेक आणि स्नेल, साप आणि गोगलगाय, ही सरपटण्याची मंडळी. ट्वीझर्स म्हणजे चिमटा. दोन टोकं असतात, म्हणून तो टी-डब्ल्यूच्या घरातला असणार असं कुणालाही वाटेल. पण तो आला फ्रेंचमधल्या डबीच्या नावावरनं, ज्या डबीत अशी बारीक हत्यारं ठेवत. दोनशी त्याचा काही संबंध नाही.

काही मुकी अक्षरं तर मागाहून चिकटवलेली आहेत. ‘होल’ म्हणजे संपूर्ण, त्याच्या आधीचा डब्ल्यू पंधराव्या शतकाच्या सुमाराला लागला. त्याची खरी भावंडं हील म्हणजे बरं होणं आणि हेल्थ म्हणजे आरोग्य, आणि त्यांना डब्ल्यू नाही. आयलंडमधला एस असाच. तो शब्द अस्सल इंग्रजी, त्यात एस नव्हता. दुसऱ्या एका लॅटिन मुळाच्या शब्दाच्या नादानं विद्वानांनी घातला. डेट म्हणजे कर्ज, त्यातला बीही लॅटिनची आठवण म्हणून घातला. हे तीन शब्द मी मुलांना पाठच करायला सांगते, आणि का पाठ करायचे तेही सांगते.

त्या संध्याकाळी सगळे उठून चपला घालत होते तेव्हा ती वर्कशॉपवाल्याची मुलगी दारात थांबली. “बाई, टूमध्ये डब्ल्यू लिवतोय पर बोलत न्हाई. वनमध्ये तर उलटंच हाय. बोलतोय, पर लिवलाच न्हाई.”

ओ-एन-ई. हे तिनं स्वतःच्या डोक्यानं काढलं होतं. मी सगळ्यांना परत बसवलं. वनचा जुना उच्चार ‘आन’, मग ‘ओन’ असा झाला होता. पश्चिम इंग्लंडच्या काही भागांतल्या बोलीत ओच्या आधी व यायला लागला आणि तो उच्चार पुढं सगळीकडं पसरला. तोवर लिहिणं ठरून गेलं होतं. जुना ओन अजून शिल्लक आहे, पण लपून. मी फळ्यावर ‘अलोन’ लिहिलं, म्हणजे एकटा. तालमीतल्या पोरानं माझ्या हातातला खडू घेतला, शेवटच्या तीन अक्षरांभोवती गोल काढला, आणि त्याच्या शेजारी स्वतःहून ‘ओन्ली’ लिहून त्यातल्या ओ-एनखाली रेघ मारली.